पीट मॉस: काळ्या रानात की रोपाच्या ट्रेमध्ये?



मृग जवळ आला की फोनवर प्रश्न सुरू होतात. कोणतं सोयाबीन पेरू, तुरीचं तास किती ओळींनंतर धरू, संत्र्याचे खड्डे भरू काय. यंदा त्यात एक नवा प्रश्न आला, "दादा, पीट मॉस टाकू काय?" मोबाइलवर त्याचे व्हिडिओ फिरतात. कोणी परदेशी माणूस भुसभुशीत तपकिरी माती हातात घेऊन पिळतो, पाणी गळते, आणि खाली हजार लोक विचारतात की हे कुठं मिळते. आपल्याकडं मोठ्या शहरातल्या दुकानांत आता गठ्ठे मिळतात, ऑनलाइनही येतात. म्हणून ही नोंद जरा लांबली. चहा घेऊन वाचा.

आधी हे आहे काय ते पाहू. थंड देशांतल्या दलदलीत स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढते. वरून वाढते, खालून मरते. पण खाली पाणी साचलेलं, हवा नाही, थंडी आणि आंबटपणा, त्यामुळं मेलेलं शेवाळ पूर्ण कुजत नाही. त्याचे थरावर थर बसतात. वर्षाला साधारण १ मिलिमीटर थर वाढतो. म्हणजे १ मीटर जाडीच्या थराला हजारेक वर्षं. ते कापून, वाळवून, दाबून गठ्ठे बांधले की झालं पीट मॉस. कॅनडा आणि बाल्टिक समुद्राकाठच्या लॅटव्हिया, लिथुआनिया, एस्टोनिया या देशांतून हा माल जगभर जातो.

आपल्या देशात पीटच नाही असं मात्र नाही. तामिळनाडूत निलगिरीच्या उंच पठारावर पीटचे थर आहेत. शास्त्रज्ञांनी त्या थरांवरून २० हजार वर्षांपूर्वी दक्षिणेत पाऊस जास्त होता की कमी, याचा हिशोब लावला. शेवाळ आणि गवत त्यात जसंच्या तसं दबून राहते, म्हणून ते जुन्या हवामानाची वहीच झाली. पण ते विकायचा माल नाही. आपल्याकडं गठ्ठ्यात येते ते बाहेरचंच.

आता गुण. खोटं कशाला बोला, गुण भारी आहेत.

पहिला, पाणी. वाळलेलं स्फॅग्नम आपल्या वजनाच्या १५ ते २० पट पाणी धरते. त्याच्या पानात रिकाम्या पेशी असतात, त्या पाण्याच्या मडक्यासारख्या भरतात. दुसरा, हवा. पाणी धरूनही आत पोकळी राहते, म्हणून कोवळ्या मुळीला श्वास घेता येतो. तिसरा, सामू. ३.५ ते ४.५, म्हणजे चांगलंच आंबट. चौथा, त्यात तणाचं बी जवळपास नसते, जमिनीतले रोगही फारसे नसतात. पाचवा, खताचे कण धरून ठेवायची ताकद आहे, पण स्वतःचं अन्न मात्र जवळपास शून्य. नुसत्या पीटमध्ये रोप ठेवलं तर ते पिवळं पडते. वरून विद्राव्य खत द्यावंच लागते.

आणि एक अवगुण जो व्हिडिओत कोणी सांगत नाही. पीट एकदा कोरडं ठक्क झालं की पाणी घेत नाही. वरून पाणी टाकलं की बाजूनं निघून जाते, आत कोरडंच. कोमट पाण्यात चोळून चोळून ओलं करावं लागते. आता विचार करा, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ वर, शेडनेटमध्ये लाइन गेली, एक पाणी चुकलं. कॅनडात चालते ते वऱ्हाडात तसंच चालेल असं नाही.

आता मुद्द्यावर येतो.

आमच्या शिवाराला लागून एका घरी एक एकर संत्रा लावायचा बेत झाला. पोरगा बारावी झालेला, हुशार, मेहनती. त्याच्या बापाचा जुना बगिचा डिंक्यानं गेला होता. ज्यांचा बगिचा डिंक्यानं गेला त्यांना सांगायला नको की ते काय असते. खोडातून डिंक गळतो, साल सडते, भर बहारात पानं पिवळी पडतात आणि दहा वर्षांची मेहनत सरपणाला जाते. तो बाप बोलला नाही काही, फक्त म्हणाला, "एकडाव पाह्यलं. आता पुन्हा थे नोको."

पोरानं सोसायटीचं कर्ज धरलं होतं. त्याला एका विक्रेत्यानं सांगितलं की खड्ड्यात चौथाई पीट मॉस टाक, जमीन भुसभुशीत होते, सामू उतरते, झाड लवकर फळावर येते. पोरगा माझ्याकडं आला.

"काकाजी, टाकू काय? पैसे तर जातीन, पण झाड वाचन."

मी म्हटलं, बस, आधी हिशोब करू. कॅलेंडरच्या मागच्या बाजूनं मांडला. तोच इथं देतो, तुम्हीही पडताळून पाहा.

६ बाय ६ मीटरवर संत्रा म्हणजे एकरी ११० झाडं धरा. खड्डा ७५ सेंटिमीटर लांब, रुंद, खोल. एका खड्ड्यात ४२२ लिटर माती बसते. त्याची चौथाई १०५ लिटर. ११० खड्ड्यांना साडेअकरा हजार लिटर. मोकळा केल्यावर ३०० लिटर भरणारा गठ्ठा धरला तर ३८-३९ गठ्ठे. तुमच्याकडच्या भावानं गुणून घ्या. पोरानं गुणलं आणि गप्प झाला.

पण पैसा बाजूला ठेवू. पैसा देऊनही काम झालं असतं काय, हा खरा प्रश्न.

सामूचं आधी घेऊ. आपली काळी जमीन चुनखडीची. सामू ८ च्या आसपास किंवा वर. एक एकराचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर साधारण ८ लाख किलो भरतो. त्यात चुनखडी ५ टक्के धरली तर ४० टन चुना झाला. एवढ्या चुन्यापुढं पीटचा आंबटपणा म्हणजे विहिरीत लिंबू पिळल्यासारखं. चार-सहा महिन्यांत सामू होता तिथंच. संत्र्याची पानं शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी दिसत असतील तर ते लोह-जस्ताचं काम आहे. त्याला फेरस सल्फेट, झिंक सल्फेटची ०.५ टक्क्याची फवारणी स्वस्त आणि लवकर लागू पडणारी. आधी माती आणि पान तपासून घ्या म्हणजे झालं.

सेंद्रिय पदार्थाचं घ्या. त्याच ८ लाख किलो मातीत सेंद्रिय पदार्थ १ टक्का वाढवायचा तर ८ टन कोरडा माल लागते. पीटचा गठ्ठा ओल धरून ५० किलोचा समजा, तरी १६० गठ्ठे. एका एकराला! तेच काम शेणखत, सोयाबीनचं कुटार, तुरीचा पाला, धैंचा हे सगळे मिळून चार-पाच वर्षांत करतात, आणि जाता जाता नत्र, स्फुरद, पालाशही देऊन जातात. पीट यातलं काही देत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट पाण्याची. काळ्या मातीला पाणी धरायला शिकवायची गरजच नाही. ती धरते, आणि सोडतच नाही. आपलं दुखणं हवेचं आहे, निचऱ्याचं आहे. चिकण माती चहूबाजूंनी, आणि मधात खड्डा हलक्या मालानं भरलेला. पाऊस पडला की काय होईल? आजूबाजूचं पाणी हलक्या जागेत उतरते, पण खालून आणि बाजूनं निघायला वाट नाही. तो खड्डा म्हणजे मातीत पुरलेली बादली. बादलीत संत्र्याची मुळी उभी. फायटोफ्थोरा बुरशीला, म्हणजे डिंक्याला, याहून चांगलं घर कोणतं? तिचे बीजाणू पाण्यात पोहत मुळीपर्यंत जातात. झाड वाचवायला टाकलेला माल झाडालाच खाईल.

पोराला हे पटलं, पण त्याला डोळ्यानं पाहायचं होतं. बरोबरच आहे, आजकालच्या पोरांनी असंच असावं. मग दोन खड्डे प्रयोगाला ठेवले. एक रानाच्याच वरच्या मातीत शेणखत मिसळून भरला आणि वर गादीसारखा उंच केला. दुसऱ्यात निम्मा हलका माल, म्हणजे भिजवलेलं कोकोपीट आणि गांडूळ खत. पीट नव्हतं, पण हलकेपणात दोघं भाऊ-भाऊ. श्रावणात दोन दिवसांची झड लागून उघडली. तिसऱ्या दिवशी सळई घालून पाहिली. उंच केलेल्या खड्ड्यात माती ओली पण हाताला मोकळी. हलक्या मालाच्या खड्ड्यात सळई टाकली तर खाली पचकन पाणी, आणि वर काढली तर नालीसारखा वास. पोराच्या बापानं सळई नाकाला लावली आणि माझ्याकडं पाहिलं. बोलला काही नाही.

गठ्ठे आले नाहीत. त्या पैशातून गादीवाफे झाले, खालच्या धुऱ्याला चर निघाला, शेणखताच्या ट्रॉल्या पडल्या. कलम लावताना डोळा भरलेली जागा जमिनीच्या वर वीतभर राहील असं पाहिलं. खोडाला पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो मलम, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळला. यात नवीन काहीच नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची आणि नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची माणसं हे कित्येक वर्षांपासून सांगत आहेत. बगिचा अजून लहान आहे, फळाचं आत्ताच बोलणार नाही. पण खोडं कोरडी आहेत, डिंक नाही, आणि त्या घरात पावसाळ्यात झोप लागते.

मग पीट मॉस काय कामाचंच नाही? आहे. जागा समजून घ्या.

एक, रोपाचा ट्रे. मिरची, टमाटर, वांगी, फुलकोबीची रोपं ट्रेमध्ये केली की जात्या-येत्या पावसात मर कमी होते आणि मुळीसकट लावता येते. ट्रेचं घर लहान, त्यात माती भरली तर दगड होते. तिथं हलका माल लागतोच. पण त्याला परदेशी पीटच पाहिजे असं नाही. नारळाच्या सालीचा भुसा, म्हणजे कोकोपीट, आपल्याच देशातलं. तामिळनाडूत पोल्लाचीकडं त्याचे कारखाने आहेत. ते कोरडं झालं तरी लवकर ओलं होते आणि सामू ५.५ ते ६.५ च्या आसपास असते. आपल्या उन्हाला तेच बरं.

त्याचाही हिशोब घ्या. मिरची ४ फूट बाय दीड फुटावर, एकरी ७,२६० रोपं. ९८ घरांचे ७५ ट्रे. एका ट्रेला साधारण सव्वा किलो ओलं कोकोपीट, म्हणजे एकराला ९०-९५ किलो. ५ किलोची एक वीट २५ लिटर पाणी पिऊन ३० किलो होते. म्हणजे तीन विटांत एकराची मिरची. संत्र्याच्या खड्ड्यांना ३९ गठ्ठे आणि इथं तीन विटा. माल महाग आहे की स्वस्त, हे तो कुठं टाकता त्यावर ठरते.

पण कोकोपीट घेताना डोळे उघडे ठेवा. नारळ समुद्राकाठचा, साल कधी कधी खाऱ्या पाण्यात मुरवलेली, त्यामुळं न धुतलेल्या मालात सोडियम, क्लोराइड आणि पालाश जास्त राहते. मागं एका रोपवाटिकेतून आमच्या गावात मिरचीची रोपं आली. पानाच्या कडा जळलेल्या, मुळी तपकिरी. सगळे म्हणत थ्रिप्स, फवारा. मला तसं वाटलं नाही, कारण पान गुंडाळलेलं नव्हतं, फक्त कड करपली होती. ट्रेमधला माल डिस्टिल्ड पाण्यात भिजवून मीटर लावला तर क्षार चांगलेच चढलेले. त्या घरची लावण पंधरा दिवस मागं पडली आणि बी-रोपाचा पैसा गेला तो वेगळाच. म्हणून धुतलेला, कमी ईसीचा माल मागा. घरी आणल्यावर गोड पाण्यानं दोन-तीनदा धुवा. जमलं तर कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून पुन्हा धुवा, त्यानं चिकटलेलं सोडियम सुटते. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या भावांनी विहिरीच्या पाण्यानं धुऊ नये. खारं खाऱ्यानं निघत नाही. पावसाचं साठवलेलं पाणी वापरा.

ज्यांनी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेतून शेडनेट उभं केलं, त्यांनी तर मीटर जवळच ठेवावा. तुमचा ट्रे म्हणजे दुसऱ्याचा हंगाम असतो.

दोन, गुटी कलम. कागदी लिंबू, डाळिंब, पेरू. इथं भुसा नाही, लांब धाग्याचं स्फॅग्नम शेवाळ लागते. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची अडीच-तीन सेंटिमीटर साल गोल काढा, संजीवक लावा, ओलं शेवाळ गुंडाळा आणि वर प्लास्टिक घट्ट बांधा. शेवाळ पिळून थेंब गळायचा थांबला की बांधायचं. जास्त ओलं ठेवलं तर मुळी फुटायच्या आधी साल सडते. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढऱ्या मुळ्या दिसतात. हे काम शेवाळाशिवाय तेवढं नीट होत नाही, आणि लागते पण मूठभरच. एक सांगून ठेवतो, शेवाळ हाताळताना हातमोजे घाला. त्यात कधी कधी एक बुरशी असते, काटा लागला किंवा कापलं असेल तर तिथून आत जाते आणि हातावर गाठींची रांग उठते. नर्सरीत काम करणाऱ्यांना जगभर हा रोग झालेला आहे. बायाबापड्या आपल्याकडं उघड्या हातानं काम करतात, त्यांना मोजे द्या.

तीन, आणि हे पुष्कळांना माहीत नसते. पीट तुमच्या घरात आधीच येऊन गेलेलं असू शकते. रायझोबियमचं काळं पाकीट आठवा. त्यातली काळी भुकटी म्हणजे जिवाणू नाही, ती जिवाणूची गादी आहे. जगभर त्यासाठी पीट वापरतात, कारण त्यात ओल टिकते आणि जिवाणू महिनोन्‌महिने जिवंत राहतात. आपल्याकडं निलगिरीचं पीट वापरून पाहिलं गेलं. पण पुष्कळ पाकिटांत लिग्नाइट, म्हणजे जमिनीतला कच्चा कोळसा, बारीक दळून घालतात. पीट असो की लिग्नाइट, आंबट असेल तर चुन्याची भुकटी मिसळून सामू ७ च्या आसपास आणतात, नाहीतर जिवाणू मरते.

म्हणून पाकिटाशी जिवंत वस्तूसारखं वागा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणं भुकटीच्या पाकिटात एका ग्रॅममागं निदान ५ कोटी जिवंत जिवाणू असायला पाहिजे. तेच पाकीट टिनाच्या दुकानात उन्हात पडलं, तुम्ही मोटरसायकलच्या डिक्कीत दुपारभर ठेवलं, तर उरते काय? कोळशाची पूड. घेताना अंतिम तारीख पाहा, पिकाचं नाव पाहा. सोयाबीनचं पाकीट तुरीला चालत नाही, दोघांचे जिवाणू वेगळे. २५० ग्रॅमचं पाकीट १० ते १५ किलो बियाण्याला. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सगळ्यात शेवटी जिवाणू, तेही पेरायच्या थोडं आधी. गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हातानं चोळा, सोयाबीनची साल नाजूक असते. सावलीत सुकवा आणि लगेच पेरा.

शेवटची गोष्ट जरा दूरची वाटेल. जगाच्या जमिनीत पीटची दलदल फक्त ३ टक्के. पण साऱ्या जंगलांच्या झाडांत मिळून जेवढा कार्बन आहे, त्याहून जास्त या ३ टक्क्यांत दबला आहे. कापून वाळवला की तो हवेत जातो. हवा तापली की पावसाचा ताल बिघडतो, आणि कोरडवाहू नांदगाव खंडेश्वरात त्याची किंमत कोण देते हे मी सांगायला नको. दुबार पेरणी ज्यानं केली त्याला माहीत आहे. हजार वर्षांत बसलेला एक मीटर थर आपण खड्ड्यात टाकून दोन पावसाळ्यांत संपवायचा, हे आपल्यासारख्या मातीत जगणाऱ्याला शोभत नाही. ट्रेला चिमूट, गुटीला मूठ, एवढं पुष्कळ.

तर थोडक्यात:

वावरात आणि संत्र्याच्या खड्ड्यात पीट मॉस नको. उंच वाफा, चर आणि कुजलेलं शेणखत.
ट्रेमध्ये धुतलेलं कोकोपीट, ईसी मोजून.
गुटीला स्फॅग्नम शेवाळ, पिळून, हातमोजे घालून.
काळं पाकीट सावलीत, तारीख पाहून.

कोणी विकायला आला तर त्याला एकच प्रश्न विचारा, "माझ्या मातीचा सामू आणि चुनखडी पाहिली काय तू?" मृदा आरोग्य पत्रिका घरात असेल तर काढून समोर ठेवा, नसेल तर बडनेऱ्याजवळ दुर्गापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात नाहीतर तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारा.

ज्या भावांनी खड्ड्यात हलका माल भरून पाहिला असेल, त्यांनी सळई घालून काय दिसलं ते खाली लिहा. जमीन भारी, मध्यम की मुरमाड तेही लिहा, कारण मुरमाड बरडावर गोष्ट वेगळी निघू शकते. पुढची नोंद सोयाबीनच्या उगवणशक्तीची, गोणपाटावर घरी कशी तपासायची त्याची. तोवर बियाणं फोडू नका.

राम राम.